उबेचा नकाशा

बाबांनी आयुष्यात यादीशिवाय काही घरात आणलं नव्हतं. काडेपेटी आणायची असली तरी कागदाच्या कपट्यावर टोकदार पेन्सिलीनं ‘काडेपेटी, १’ असं लिहून तो कपटा खिशात घालणार आणि घरी आल्यावर त्यावर एक बारीक रेघ मारणार. छत्तीस वर्षं त्यांनी मोजणी खात्यात नकाशे काढले होते. डोंगर, ओढे, विहिरी, लोकांची बांधावरची भांडणं, सगळं त्यांच्या हाताखालून रेघ होऊन गेलं होतं. असा माणूस त्या मंगळवारी पाव आणायला म्हणून खाली उतरला आणि कोंबडीची नऊ पिल्लं घेऊन आला.

मुलगी कामावरून परतली तेव्हा बाबा पुढच्या खोलीत चक्क जमिनीवर बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे, उठता-बसता गुडघे करकरणारे बाबा मांडी घालून बसलेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय, पुढ्यात पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यातून ओल्या काचेवर बोट घासावं तसा आवाज येतोय. खांद्यावरची पिशवी तिच्या हातात उतरली ती तशीच लोंबत राहिली.

“चहा आज तू टाक,” बाबा वर न बघता म्हणाले. “मी यांना पाणी शिकवतोय.”

“पाणी शिकवताय?”

“जन्मतः येत नाही म्हणे. एकेकाची चोच बुडवून दाखवावी लागते. एकदा चव कळली की मग पितात आपली आपण.” त्यांनी एक पिवळा गोळा अलगद उचलला, बशीतल्या पाण्याला त्याची चोच टेकवली. पिल्लानं मान वर केली, गळ्यापाशी काहीतरी हललं. “बघ! हे सहावं.”

“बाबा, पाव कुठंय?”

“कुठला पाव?”

“पाव आणायला गेला होतात ना.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पाहण्यात काही नव्हतं, नेहमीसारखंच पाहिलं. मग म्हणाले, “अरे हो. पाव राहिलाच की.”

तेवढंच. पण अंधारात जिना उतरताना खाली आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं तिला झालं. ती स्वयंपाकघरात गेली, भांड्यात पाणी घातलं, गॅस पेटवला आणि पाण्याला बुडबुडे येईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. आईचं असंच सुरू झालं होतं. आई दोऱ्याचं रीळ आणायला गेली आणि अकरा कंगवे घेऊन आली. अकरा कंगवे, एकाच रंगाचे. दोरा कुठंय म्हणून विचारलं तर आईही असंच म्हणाली होती, अगंबाई, दोरा राहिलाच की. आणि ते दोघं, बाबा आणि ती, पोट धरून हसले होते. त्या हसण्याची तिला पुढं इतकी वर्षं लाज वाटत आली होती की कुणी घरात मोठ्यानं हसलं तरी तिला वाटायचं, थांबा, आधी नीट बघा कशाला हसताय ते. त्या कंगव्यांनंतर सहा वर्षं आई थोडी थोडी घरातून निघून जात राहिली. कधी शब्द गेले, कधी माणसं गेली, कधी आई स्वतःच गेली, पायात चपला न घालता. एकदा तीन तास शोधल्यावर ती चपलांच्या दुकानात सापडली होती, एका पायात नवी कोरी चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि दुकानदाराला अगदी सभ्यपणे सांगत होती की माझी मुलगी येईलच आता, ती लहान आहे, तिला रस्ता ओलांडता येत नाही. लहान मुलगी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती आणि दारात घामाघूम उभी होती. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्हाला कोण हवंय?” या प्रश्नाचं उत्तर तिला अजून देता आलेलं नव्हतं. आईला जाऊन आता अडीच वर्षं झाली होती.

धाकट्या भावाचा दर रविवारी फोन यायचा. यावेळी तिनंच मंगळवारी केला. तो लांब, दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर राहत होता आणि लांब राहणाऱ्या माणसांना सगळं लवकर समजतं तसं त्यालाही लवकर समजलं.

“ताई, कोंबड्या? तिसऱ्या मजल्यावर?”

“कोंबड्या नाहीत रे, पिल्लं आहेत. एवढी एवढीशी.”

“मुद्दा आकाराचा नाहीये.” तो म्हणाला. “हे बघ, आईच्या वेळी आपण दोन वर्षं घालवली. वय झालंय, चालायचंच, असं म्हणत. डॉक्टरांना दाखव. त्यांना आधी सांगू नकोस, उगाच बिथरतील. सरळ घेऊन जा.”

तिनं दुसऱ्याच दिवशी कामावरून दवाखान्यात फोन लावला. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार मिळाला, सकाळी साडेदहा. बोलताना ती नकळत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती, आणि फोन ठेवल्यावर तिला वाटलं की आपण बाबांच्या खिशातून काहीतरी काढून घेतलंय.

ती दातांच्या कवळ्या करायची. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणाची हिरडी चढवायची आणि एकेक दात मेणात बसवत जायची. तीस वर्षांत किती अनोळखी माणसांचं हसू तिनं रचलं असेल याचा हिशेब नव्हता. बाबांची कवळीही तिनंच केलेली. त्यांच्या जुन्या फोटोतला पुढचा किंचित वाकडा दात तिनं मुद्दाम तसाच वाकडा बसवला होता, आणि आरशात बघून बाबा म्हणाले होते, “हा मीच.” तिच्या शेजारच्या टेबलावर कवळ्या घासून चकचकीत करणारा एक पॉलिशवाला बसायचा, तोंडावर कायम फडकं बांधलेला. पिल्लांचं ऐकून त्यानं मशीन बंद केलं आणि फडकं खाली ओढलं. लहानपणी मामाकडे त्यानं पिल्लं वाढवली होती.

“खाली काय अंथरलंय?”

“वर्तमानपत्र.”

“आधी काढा ते! गुळगुळीत कागदावर पाय फाकतात त्यांचे, मग जन्मभर तसेच राहतात. लाकडाचा भुसा घाला. आणि पाण्याच्या बशीत गोट्या नाहीतर खडे टाका, नाहीतर झोपेत मान पडते पाण्यात आणि जातात. दिवा आहे का वर?”

“दिवा आहे. किती उंच लावायचा ते कळत नाही. थर्मामीटर आणू का?”

“आणा, पण त्याच्याकडे कमी आणि पिल्लांकडे जास्त बघा. दिव्याखाली गठ्ठा करून कोकलत असली तर गारठलीत. लांब कडेला जाऊन चोची वासून बसली तर भाजतायत. इकडंतिकडं पसरून आपापल्या उद्योगात असली की समजायचं, जमलं.”

संध्याकाळी ती भुशाची पिशवी घेऊन घरी गेली. स्वतःला ती सांगत होती की आपण हे बाबांवर लक्ष ठेवायचं म्हणून करतोय. पण भुशात बोटं घालताना त्याचा ओलसर लाकडी वास आला, नऊ पिल्लं एका कोपऱ्यात पाण्यासारखी गोळा झाली आणि मग एकेक करून परत तिच्या हातापाशी आली. त्यातलं एक तिच्या अंगठ्याच्या नखावर चोच मारून बघू लागलं, टक्, टक्, हे काय आहे, हे काय आहे, आणि तिच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ काहीच विचार केलेला नाही. तिला एकदम सावरून बसावंसं वाटलं. अशा ढिलाईतच तर सगळं निसटतं.

म्हणून ती बाबांकडे बघत राहिली. बाबा पिल्लांकडे बघत राहिले. घराला जणू दोन पहारे लागले होते. बाबा दर दोन तासांनी खोक्याशी जायचे, उभ्या उभ्या वाकायचे, आणि मग टेबलाशी बसून कागदावर काहीतरी टिंबं काढायचे. एक चौकोन, त्यात एक वर्तुळ, आणि सगळीकडे टिंबं. असे कागदच्या कागद. तिनं ते एकदा बाबा अंघोळीला गेल्यावर चोरून पाहिले. कुठल्या कागदावर टिंबं एका ठिकाणी गच्च, कुठं विखुरलेली, कोपऱ्यांत बारीक आकडे. छत्तीस वर्षं ज्या हातानं गावंच्या गावं बिनचूक उतरवली तो हात आता नुसती टिंबं काढत होता. आई शेवटी शेवटी चादरीवरची फुलं मोजायची, पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळा आकडा. तिनं कागद होते तसे ठेवले, कडांना कडा जुळवून, आणि बाबा बाहेर आले तेव्हा खोटंच विचारलं, “काय लिहीत असता हो?” बाबा टॉवेलनं कान पुसत म्हणाले, “कळेल तुला पुढं.” तिला ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

शनिवारी सकाळी ती आधी उठली. खोक्यात आठ पिल्लं दिव्याखाली होती आणि नववं, सगळ्यांत लहान, पाठीवर करडा डाग असलेलं, भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. तिनं उचललं तर हाताला काही लागलंच नाही, इतकं हलकं. पाय बारीक वायरीसारखे ताठ. तिला वाईट वाटलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ज्याच्याबद्दल तिला पुढं कितीतरी वेळा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिच्या मनात आलं, बघू, बाबांच्या लक्षात येतं का. तिनं ते पिल्लू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं, कचऱ्याच्या डब्यात तळाशी सारलं, वर भाज्यांची सालं टाकली, हात साबणानं धुतले आणि चहा करायला लागली. मागं बाबांच्या पायांचा आवाज आला, खोक्याशी थांबला. ती चमचा ढवळत राहिली. ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी ढवळत राहिली.

“आठ,” बाबा म्हणाले.

तिनं मागं पाहिलं नाही.

“आठच आहेत. डाग असलेलं नाही.”

तिला सुटल्यासारखं वाटलं, एकदम, आणि त्याच क्षणी इतकी शरम वाटली की चहा भांड्याबाहेर उतू गेला. “गेलं ते, बाबा. सकाळीच. मी… टाकून दिलं.”

“हं,” बाबा म्हणाले. “कालपासून खात नव्हतं.” त्यांनी चहा घेतला, कप विसळला, बाल्कनीत गेले. तिला वाटलं, रागावले. मग वाटलं, विसरलेसुद्धा असतील. यातलं कुठलं बरं, ते तिला ठरवता येईना. दिवसभर ती स्वतःशी भांडत होती. आकडा बरोबर सांगितला, हे चांगलं. पण आईलासुद्धा सुरुवातीला आकडे बरोबर यायचे, नुसते कंगवेच जास्त यायचे. अशा विचाराला तळ नसतो. चांगलं काही दिसलं की त्याच्या मागं वाईट उभं आहे की काय म्हणून वाकून बघायची सवय लागली की माणूस सरळ उभं राहायचंच विसरतो.

बुधवारी थंडी एकदम वाढली. दुपारी दोन वाजता कामाच्या जागी सगळी मशीनं एकदम थांबली. पॉलिशवाल्याचं चाक गरगरत मंद होत गेलं आणि त्या शांततेत तिला पहिल्यांदा आपल्या हातातल्या मेणाच्या सुरीचा आवाज ऐकू आला.

“सगळीकडे गेलेत दिवे,” खिडकीतून डोकावून पॉलिशवाला म्हणाला. “नदीपलीकडं पण. संध्याकाळपर्यंत येत नाहीत म्हणतायत.” मग तिच्याकडे वळून म्हणाला, “पिल्लांचं काय हो? एवढ्या गारठ्यात दिव्याशिवाय तासभरसुद्धा कठीण आहे.”

तिनं घरी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदा लावतानाच ती जिना उतरत होती, अंगात कामाचा पांढरा कोट, बोटांना मेण. रिक्षा मिळाली नाही. ती चालत, मग जवळजवळ पळत निघाली. रस्त्यावरचे सिग्नल विझलेले होते आणि चौकात गाड्या एकमेकींच्या अंगावर भुंकत होत्या. तिच्या डोक्यात बाबा खोक्याशी बसलेत असं चित्र होतं, पिल्लं एकावर एक चढून ओरडतायत आणि बाबा टिंबं काढतायत, काढतच बसलेत. पण तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा आत कसलाच आवाज नव्हता. खोकं रिकामं. दिवा विझलेला. भुसा गार. बाबांच्या चपला नाहीत, खुंटीवरचा स्वेटर नाही. फोन मात्र भिंतीपाशी वायरीला लटकलेला, मेलेला. खोक्याच्या कडेवर एक कागद तिरका ठेवला होता, चौकोन, वर्तुळ, टिंबं. टिंबंच! तिनं तो मुठीत चुरगळला आणि तशीच खाली धावली.

खालच्या शिंप्यानं मान हलवली, “नाही हो, मी आत होतो.” कोपऱ्यावरच्या फळवाल्यानंही बाबांना पाहिलं नव्हतं. मग तिला कळायच्या आत तिचे पाय डावीकडे वळले होते, आणि ती चपलांच्या दुकानात उभी होती. सात वर्षं तिनं या दुकानाच्या बाजूचा फुटपाथ टाळला होता. आत मेणबत्तीच्या उजेडात दुकानदार खोकी लावत होता. तिनं आत पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं. कोणी का असावं तिथं? तरी ती पाहत राहिली, जणू पुरेसा वेळ पाहिलं तर एका पायात नवी चप्पल घातलेलं कोणीतरी तिथं दिसेलच. “काय हवंय, ताई?” दुकानदारानं विचारलं. तिनं पाऊल मागं घेतलं. ती बाहेर आली. गार वारा कोटातून आरपार जात होता. आता कुठं? बागेत? बसच्या थांब्यावर? त्या वेळी निदान बाबा बरोबर होते, तू इकडं बघ मी तिकडं बघतो असं म्हणायला. आज तिकडं बघायला कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट तिला फुटपाथच्या मधोमध इतकी स्पष्ट दिसली की ती तिथंच थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळला आणि काहीतरी पुटपुटत गेला.

“ओ ताई! ओ, पांढरा कोट!”

रस्त्याच्या पलीकडून बेकरीवाला हाक मारत होता, कोपरापर्यंत पिठानं माखलेला हात उंच करून. “इकडं या! आजोबा आत आहेत!”

बेकरीच्या मागच्या खोलीत लाकडाची भट्टी होती, तिला विजेशी देणंघेणं नव्हतं. लालसर उजेडात, पिठाच्या पोत्यावर, स्वेटरच्या बाह्या दुमडून बाबा बसले होते. त्यांच्या शेजारी स्टुलावर पाव ठेवायचा मोठा लाकडी ट्रे, त्यावर सुती फडकं, आणि फडक्याच्या एका कडेतून एक पिवळं डोकं बाहेर आलं होतं.

“आलीस?” बाबा म्हणाले. “दार बंद कर, वारा येतोय.”

तिनं दार बंद केलं. मग ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना, पण बराच वेळ ओरडत होती. तीन मजले, शिंपी, फळवाला, फोन, वय, थंडी, काही झालं असतं तर, मी कुठं कुठं शोधायचं, किती जणांना शोधायचं मी. बेकरीवाला हळूच पुढच्या खोलीत सटकला. ती दमून थांबल्यावर ते म्हणाले, “फोनची बॅटरी संपली होती. लावला चार्जिंगला तर दिवेच गेले. म्हणून चिठ्ठी ठेवली.”

“कुठंय चिठ्ठी? कुठं ठेवली होती चिठ्ठी?”

बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग पुढं वाकून तिची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सोडवून उघडली. कागद घामानं ओला झाला होता. त्यांनी तो मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला आणि तिच्यापुढं धरला. टिंबांच्या खाली, नकाशावर गावांची नावं लिहावीत तशा बारीक सुबक अक्षरात लिहिलं होतं: दुपारी २.१०. वीज गेली. खोक्यात २७ अंश, उतरतंय. आठही घेऊन बेकरीत भट्टीजवळ बसतो. लवकर आलीस तर तिकडेच ये. घाबरू नकोस.

ती वाचत राहिली. ‘घाबरू नकोस’च्या खाली बाबांनी पट्टीनं रेघ मारली होती. एवढ्या घाईत पट्टी शोधली होती त्यांनी.

“हातात घेऊन गावभर फिरलीस?” बाबांनी विचारलं.

“मला वाटलं, तुमची टिंबं आहेत.”

“टिंबं आहेतच. एक टिंब म्हणजे एक पिल्लू. वर्तुळ म्हणजे दिवा. कुठल्या वेळेला कोण कुठं बसतं ते मांडलं की खोक्यात ऊब कुठं आहे ते दिसतं. डावा कोपरा गार आहे आपला, खिडकीची फट आहे तिथं. दोन बोटं दिवा सरकवला परवा, तुझ्या लक्षात आलं नाही.” ते थांबले. “तुला काय वाटलं होतं?”

ती पिठाच्या दुसऱ्या पोत्यावर बसली. पाठीला भट्टीची धग लागली. तिनं सांगून टाकलं. पाव राहिलाच म्हणालात तिथपासून, कंगव्यांपासून, भावाच्या फोनपासून, शुक्रवारी साडेदहापर्यंत. आणि मग, न थांबता, थांबलं तर राहूनच जाईल म्हणून, शनिवारचं पिल्लू. “मी ते लपवलं, बाबा. तुमच्या लक्षात येतं का बघायला.”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“सालांखाली होतं. मी काढलं ते. बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत पुरलं.” बाबांनी फडक्याची कडा नीट केली. “सालांखाली नको वाटलं मला.”

तिला रडू आलं. बाबांनी तिला रडू दिलं. भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला आणि ट्रेमधली पिल्लं क्षणभर गप्प झाली, मग पुन्हा लागली आपली बडबडायला.

“आणि शुक्रवारचंही माहीत होतं,” बाबा म्हणाले. “दवाखान्यातल्या बाईंचा सोमवारी घरी फोन आला होता. आजोबांना आणायचं विसरू नका, म्हणाल्या. स्मरणशक्तीचा दवाखाना ना, सगळ्यांना आठवण करून द्यावी लागते त्यांना. मी म्हटलं, बाई, आजोबाच बोलतोय. त्यांनी ओळखलं मला. गेल्या महिन्यात भेटलो होतो ना आम्ही.”

“गेल्या महिन्यात?”

“एकटाच गेलो होतो. तुझ्या एकटीच्याच पोटात भीती आहे असं वाटलं का तुला? तुझी आई माझी बायकोही होती, पोरी. एखादा शब्द आठवेनासा झाला की मलाही घाम फुटतो.” ते भट्टीकडे बघत बोलत होते. “तासभर तपासलं डॉक्टरबाईंनी. घड्याळ काढा म्हणाल्या कागदावर. मी काढलं. पंधरा मिनिटं झाली तरी काढतोय बघून म्हणाल्या, आजोबा, मिनिटांच्या साठ रेघा काढायची गरज नाही हो.”

ती रडता रडता हसली. अगदी अनपेक्षितपणे, नाकातून, विचित्र आवाज काढत हसली, आणि थांबून आधी नीट बघावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

“मग काय म्हणाल्या?”

“वयाच्या मानानं उत्तम. फक्त दिवसभर घरात बसून राहू नका. काहीतरी नवीन शिका, जे जन्मात केलं नाही असं. भाषा शिका म्हणाल्या, नाहीतर बासरी. बासरीचं करून बघितलं मी, शेजाऱ्यांकडून मागून आणली होती. तुझ्या कवळीतून शिट्टी येते नुसती.” त्यांनी कवळी जिभेनं किंचित हलवली. “त्या दिवशी पाव आणायला निघालो तर कोपऱ्यावर एक बाई पिल्लांची टोपली घेऊन बसलेली. म्हटलं, हे जन्मात केलेलं नाही. आणि एकदा टोपलीत बघितल्यावर पाव कुठला राहतोय लक्षात? तुझ्या राहिला असता?”

“मला सांगायचं तरी.”

“सांगणार होतो. पण तू अशी बघायला लागलीस माझ्याकडं…” ते शब्द शोधत थांबले, आणि तिनं पाहिलं की ते नुसता शब्द शोधतायत, कोणीही शोधतो तसा. “मोजणीला आलेल्या माणसासारखी. म्हटलं, आता काही सांगितलं तर तेही लिहून घेईल.”

बेकरीवाला दोन कप चहा घेऊन आला. ट्रेकडे बघून म्हणाला, “हा ट्रे आता तुमचाच, आजोबा. यात पुन्हा पाव ठेवला तर गिऱ्हाईक मला भट्टीत घालेल.” मग अर्धा पाव कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. “हा घेऊन जा. त्या दिवशी आजोबांचा राहिला होता ना. सांगत होते.”

साडेतीनला रस्त्यावरचे दिवे भर उन्हात पेटले आणि कुठूनतरी लोकांचा आनंदाचा आरडाओरडा ऐकू आला. ते दोघं तिसऱ्या मजल्यावर आले, ट्रे तिच्या हातात, बाबा एकेक पायरी मागे. तिनं दिवा लावला, भुसा वरखाली केला, बाबांनी हात घालून ऊब पाहिली आणि मान डोलावली. आठही पिल्लं आत सोडली. आधी ती दिव्याखाली एकमेकांना खेटून उभी राहिली. मग एक बाजूला झालं, मग दुसरं. एकानं भुशात उकरलं आणि स्वतःच दचकलं. एका पिल्लानं पाय मागं ताणला आणि बाजूचा पंख उघडला, आणि तिनं पाहिलं, पंखाच्या कडेला पिवळ्या लवेतून खरीखुरी पिसं फुटलेली होती, बोरूच्या टोकांसारखी, छोटी, पांढरी.

ती खोक्याशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसली. दोन मिनिटं बसू, मग कामावर फोन करू, भावाला करू, दवाखान्यात करू. आई आजारी पडल्यापासून ती झोपायची ती एक कान दाराकडे ठेवून, आणि आई गेल्यावरही तो कान कोणी परत मागितला नव्हता म्हणून तो तसाच उघडा राहिला होता. आता त्या कानात नुसती पिल्लांची कुजबूज येत होती, कशाबद्दलच तक्रार नसलेली. तिच्या बोटांवर अजून मेण होतं. ते नखानं काढायचं असं ती ठरवत होती आणि हात उचलला जात नव्हता. मध्येच कधीतरी तिच्या अंगावर शाल आली. पेन्सिलीचा आवाज येत होता, टिक्, टिक्, टिक्, आठ वेळा. मग तिचा फोन वाजला, आणि बाबा तो घेऊन बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं, पण ते नीट लागलं नव्हतं.

“हॅलो? हो, सापडलो मी, इथंच होतो. पिल्लंही ठीक आहेत, आठच्या आठ… नाही, आज परत कामावर नाही येणार ती.” मग बाबांचा आवाज आणखी खाली आला, इतका की तो तिला ऐकू आला की झोपेत वाटला ते तिला कधीच नक्की सांगता आलं नाही. “छे, छे, आजारी नाही हो. झोपलीय.”